निवट्याचा आवाज बदललाय, पोरांनो

मावशी, सही केली नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण तुला प्रस्तावना आवडत नसे. मी संहिता वाचायला बसलो की दुसऱ्याच ओळीला तू मला अडवायचीस, "घाट्या, मासा दाखव. टोपलीचं वर्णन नको." तर मासा असा आहे: चॅनेलने पाठवलेला करार माझ्या टेबलावर पडलाय. माझ्या नावापुढची जागा कोरी आहे आणि कोरीच राहणार आहे. एक प्रत वारस म्हणून तुझ्या हंसालाही पाठवली होती. तुझ्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या लेकीने त्याच कागदात अर्धा किलो सुका जवळा बांधून माझ्या हातात दिला. म्हणाली, "कागद जाड हाय. वास बाहेर येनार नाय."

लोक म्हणतील, बाईला जाऊन दोन आठवडे झाले आणि हा करारमदारांच्या गोष्टी काढतोय. म्हणू देत. तुझ्याबद्दल पेपरात काय आलं ते मी वाचलं. 'चिमुकल्यांच्या लाडक्या निवट्याचा आवाज हरपला.' खाली तुझा फोटो नव्हता. निवट्याचा होता, तोही नवा, निळा. वाचणाऱ्याला वाटावं, कार्टूनच वारलं. आधी मला हसू आलं. मग राग आला, तो अजून उतरलेला नाही. त्यामुळे या लेखात रडणं कमी आणि भांडण जास्त असेल. आपलं तसंच होतं.

आपली ओळखही माझ्या बावळटपणातूनच झाली होती. मी वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेला, बाप साताऱ्याकडचा. मासे पाण्यात राहतात, इथवर माझं ज्ञान. आणि अशा माणसाने खाडीच्या चिखलातल्या निवटी नावाच्या माशावर लहान मुलांची कार्टून मालिका काढायचं मनावर घेतलं होतं. बोईसरच्या बाजारात तुझ्यासमोर उभा राहून मी विचारलं होतं, "बोंबील ताजे आहेत का?"

तू वर न बघता म्हणालीस, "कालचे हायत. ताजे पायजेत तं त्या पारूकडे जा. ती कालचे पन ताजे म्हनून देते."

शेजारच्या ओट्यावरून पारूने तुला जे उत्तर दिलं ते छापता येणार नाही. तुम्हा दोघींचं ते रोजचं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मी दोन्ही हातांत पिशवी धरून नुसता ऐकत उभा राहिलो. मुंबईहून किती आवाज ऐकून आलो होतो मी! सगळे साखरेच्या पाकातून काढलेले. आणि इथे एक बाई पोरासारख्या चिरक्या, खरखरीत आवाजात सगळ्या बाजारासमोर स्वतःचाच माल कालचा आहे म्हणून सांगत होती. मी कालचेच बोंबील घेतले. घरी आईने ते आणि मला, दोघांनाही बाहेर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो आणि म्हणालो, "मावशी, कार्टूनमध्ये बोलशील का?"

"कार्टून म्हंजे काय ते तुज्याकडं बघून समजलं," तू म्हणालीस. "काम काय हाय?"

आपला स्टुडिओ म्हणजे धाग्याच्या कारखान्याचा माळा. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. खाली यंत्रं चालू असली की माळा थरथरायचा, म्हणून आपलं रेकॉर्डिंग फक्त जेवणाच्या सुट्टीत. एकचा भोंगा वाजला की यंत्रं बंद, पावणेदोनला पुन्हा सुरू. पंचेचाळीस मिनिटांत एक भाग. तू सातपाटीहून पहाटे निघालेली, बाजार उरकून रिकामी पाटी काखेत मारून जिना चढायचीस. तुला वाचता येत नव्हतं. मी ओळ वाचायचो, तू ऐकायचीस आणि मग तुझ्या मनाला येईल ते बोलायचीस. कामगार डबे घेऊन जिन्यावर बसायचे, आणि मुकादम यादवजी त्यांना दटावायचे, "चबाओ मत, रिकार्डिंग चल रहा है." आणि मग स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

पहिल्याच दिवशी तू अट घातलीस. "पैलं बोललेलं टाकायचं नाय. सकाळचं पैलं गिऱ्हाईक, भवानीचं, आमी परतवत नाय. भावात बसो नाय बसो. तसं."

मी म्हणालो, "कबूल."

मग मी गोष्ट वाचली. ओहोटी लागते, पाणी निघून जातं, आणि छोटा निवट्या चिखलात एकटा अडकतो. तडफडतो, आईला हाका मारतो, शेवटी भरती येऊन त्याला वाचवते. वाचता वाचता माझेच डोळे भरून आले. वर बघितलं तर तू पदराने तोंड दाबून हसत होतीस.

"निवटी बघितलीय का कदी?"

"पुस्तकात."

"पुस्तकातली मेली असंल. अरे, निवटी चिखलात मरते का? पानी गेलं की ती बाहेर येते. उड्या मारते, भांडते, नाचते. ओहोटी म्हंजे सन हाय तिचा, नि तू तिला रडवतोस?" आणि मग तू उठून उभी राहिलीस, कंबरेवर हात ठेवलेस आणि निवट्याच होऊन गरजलीस, "पानी गेलं तं गेलं, चिखल हाय ना!"

जिन्यावरून टाळ्या आल्या. यादवजींच्या हातातली पोळी खाली पडली. माझी मालिका मला त्या क्षणी मिळाली होती. रडणारा मासा मेला आणि पाणी गेल्यावर उड्या मारणारा जन्माला आला. मी रेकॉर्डिंगच्या यंत्राकडे वळलो.

लाल दिवा विझलेला होता. मी बटण दाबलंच नव्हतं.

मावशी, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी म्हणालो, "झकास. आता सोबतीला अजून एक घेऊ."

"पैलं घेतलंस ना?"

"घेतलं की."

महाराष्ट्रभरची पोरं अठरा वर्षं जी आरोळी ऐकून सोफ्यावरून उड्या मारत आली, ती तुझी दुसरी आहे. पहिली फक्त मी, यादवजी आणि धाग्याच्या कारखान्यातल्या दहा-बारा जणांनी ऐकली. तुझी भवानी मी पहिल्याच दिवशी परतवली आणि वर तुझ्याच तोंडावर खोटं बोललो. घाल आता शिव्या.

शिव्या घालतच आहेस तर दुसरंही ऐक. तेही तुला माहीत होतं, पण माझ्या तोंडून कधी निघालं नाही. 'संवाद' या शब्दाखाली इतकी वर्षं माझं नाव येत राहिलं. मी लिहायचो त्यातली चार वाक्यं जशीच्या तशी उरली असतील, तीही 'अरे बापरे' छापाची. त्या संवादांसाठी मला शाल-श्रीफळ मिळालं तेव्हा तू पहिल्या रांगेत बसली होतीस. मी खाली उतरलो, माझा चेहरा बघून तू म्हणालीस, "शाल ठेव तुला. नारळ इकडं दे, चटनीला नाय घरात." मी नारळ दिला. हिशेब मिटला असं मला वाटलं, इतका मी कोडगा.

मग बदल सुरू झाले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कार्टून काय, तेच ते असतं, वर्षानुवर्षं. आत काय काय बदलत गेलं ते तुला-मला माहीत. पहिले भाग कागदावर हाताने काढलेले, मग संगणक आला, आणि निवट्याच्या अंगावरचा चिखल पुसला गेला, कारण चिखल काढायला वेळ लागतो. चॅनेल एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि निवट्या तपकिरीचा निळा झाला, कारण तपकिरी खेळणी दुकानात उचलली जात नाहीत. तुला पहिल्यांदा निळा निवट्या दाखवला तेव्हा तू पडद्याजवळ जाऊन वाकून बघितलंस.

"शाईत पडला का रे हा?"

"मावशी, मुलांना आवडतो म्हणे."

"नि डोळे का समोर आनले? निवटीचे डोळे टाळूवर असतात. तुज्या च्यानेलवाल्या साहेबाचे असतात तसे."

त्याच्या उडीचा आवाजही गेला. तू ओलं गोणपाट उलट्या पाटीवर थापायचीस, थप्! तीच निवट्याची चिखलातली उडी. नव्या लोकांनी तिथे संगणकातला कसला तरी स्प्रिंगसारखा आवाज घातला. या प्रत्येक बदलाला मी मान हलवली. एक बदल मान्य करताना मी स्वतःला सांगायचो की पुढच्याला नाही म्हणेन. पुढच्याच्या वेळी मला त्याच्या पुढचा दिसायचा.

पुढचा होता तुझी भाषा. 'हाय' नको, 'आहे' हवं. साहेब म्हणाले, "मुलं बिघडतात, पालकांच्या तक्रारी आहेत." किती तक्रारी, हे मी विचारलं नाही. तुझ्यासमोर जाऊन आपल्या शुद्ध भाषेत तुला समजावत बसलो, मावशी, काळ बदललाय. तू मुकाट ऐकून घेतलंस, माइकसमोर गेलीस आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या सुरात म्हणालीस, "पाणी गेले तर गेले, चिखल आहे ना." एकही चूक नव्हती. जिन्यावर कुणी हसलं नाही. यादवजी डबा बंद करून उठून गेले.

ते पहिलं होतं. तुझ्या नियमाप्रमाणे मी ते टाकून द्यायला नको होतं. टाकून दिलं. दुसऱ्या महिन्यात तुझ्या जागी मुंबईची एक बाई आली. ती बिचारी गुणी होती. तिला फक्त तुझी नक्कल करायला सांगितलं होतं, 'हाय'शिवाय.

आणि तुला हे मी सांगितलं नाही. "सध्या काम थांबलंय" असा निरोप पाठवला. यादवजींकरवी. मी स्वतः आलोही नाही.

तुला कळलं ते बाजारात. रोज आजीसोबत येणारी एक छोटी मुलगी होती, तुझा आवाज ऐकून तुला निवट्याच म्हणायची. तिने विचारलं, "निवट्या, टीव्हीत तुझा आवाज असा का झालाय?" आणि तू म्हणालीस, "सर्दी झालीय गं." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी तिने तुझ्यासाठी घरून आल्याचा तुकडा आणला.

त्या दुपारी तू जिना चढून आलीस. सुट्टी नव्हती, खाली यंत्रं धडधडत होती आणि तू त्यांच्यावर ओरडत होतीस. "मना काढलंस, काढ. तुजं दुकान हाय. पन पोरांना का नाय सांगितलं? मी कालची मासळी कालची म्हनून इकते. वीस वरसं. पारूसारखी तोंडं हायत आजूबाजूला, तरी इकते. नि तुज्यापायी मी त्या पोरीशी खोटं बोलले. भवानीच्या टायमाला!"

मी काय म्हणालो आठवतं? माझ्या सगळ्या घोडचुकांत हिचा पहिला नंबर. मी म्हणालो, "मावशी, लहान मुलांना आवाजातला फरक कळत नाही."

तू हातातला आल्याचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवलास. "नाय कळत? मंग हे काय हाय?"

तो तुकडा मी बरेच दिवस तिथेच ठेवला होता. त्याला कोंब आला.

वर्षभराने, पोरं मालिका बघेनाशी झाल्यावर, चॅनेललाच तुझा आवाज परत हवा झाला. मी सातपाटीला आलो. तुझ्या अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते. त्यांच्याखालून वाकून येताना मी डोकं आपटून घेतलं आणि सगळी रांग अंगावर पाडून घेतली. तशा अवस्थेत मी माफी मागितली. तू म्हणालीस, येते, पण निवट्याने पहिल्याच भागात सांगायचं, मधे मी नव्हतो, दुसरं कोनतरी बोलत होतं. मी शब्द दिला. लिहिलंही. तू ते सुंदर बोललीसही, तुझ्या 'हाय'सकट. प्रसारणाच्या आदल्या दिवशी चॅनेलने तेवढं कापलं.

त्या दिवसापासून तू माइकसमोर उभी राहण्याआधी एकच प्रश्न विचारायचीस. "सांगितलंस का पोरांना?"

मी म्हणायचो, "सांगतो."

गेल्या महिन्यात खाटेवर पडल्या पडल्याही तेच. तुझा तो सगळा बाजार दणाणून सोडणारा आवाज फुंकरीएवढा उरला होता. हंसा तुझ्या तोंडाशी कान नेऊन आम्हाला सांगत होती. तू माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटलीस. हंसा म्हणाली, "आई इचारते, सांगितलंस का?"

मी म्हणालो, "सांगतो, मावशी."

तू डोळे मिटलेस. कंटाळून मिटलेस असं मला वाटलं. मीही कंटाळलो असतो.

तू गेलीस आणि चौथ्या दिवशी साहेबांचा फोन. आवाजात सुतक. "फार मोठी हानी. पण एक चांगली बातमी आहे." तुझ्या जुन्या भागांवरून त्यांनी यंत्राला तुझा आवाज शिकवला होता. आता नुसतं टाइप करायचं, यंत्र तुझ्या आवाजात बोलतं. माझ्याकडची न कापलेली मूळ रेकॉर्डिंग मिळाली तर आणखी हुबेहूब होईल, हंसाची आणि माझी सही तेवढी लागेल. "मुलांना काही कळणारसुद्धा नाही," ते म्हणाले.

माझंच वाक्य. कधी तरी मी पेरलेलं, आता कणीस होऊन आलं होतं.

पण शूरपणा सांगण्याआधी लाजही सांगतो. त्यांनी ते यंत्र मला वापरायला दिलं, आणि मी दार लावून ते ऐकलं. अकरा वेळा. पहिल्यांदा तुझा आवाज आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, मावशी. चपला शोधल्या, तू जिन्यावर आहेस असं वाटून. त्या संध्याकाळी कुणी पेन दिलं असतं तर मी सही केली असती, अंगठाही दिला असता.

मग मी निवट्यासाठी एक नवं वाक्य टाइप केलं. लांबलचक, माझ्या खास पद्धतीचं, पाणी, आभाळ, क्षितिज सगळं घातलेलं. यंत्राने ते तुझ्या आवाजात जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. हसणं नाही, "हे काय लिवलंस" नाही. अठरा वर्षांत तू माझं एवढं लांब वाक्य एकदा तरी सरळ म्हटलं होतंस का? ते वाक्य किती भिकार आहे हे मला पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आलं.

मी टाइप केलं, "ए घाट्या."

ते म्हणालं, "ए घाट्या." गोड. त्यात शिवी नव्हती. मी बंद केलं.

साहेबांना मी बोईसरलाच बोलावलं. तेही भर कामाच्या वेळी, म्हणजे खाली यंत्रं चालू असताना, मुद्दाम. त्यांना प्रत्येक वाक्य ओरडून म्हणावं लागत होतं आणि सौजन्य ओरडून सांगता येत नाही.

"मुलांना धक्का बसेल!" ते ओरडले.

"बसू दे!" मी ओरडलो. "त्यांच्या आज्या मरतात, शाळेतल्या बाई बदलतात, त्यांना सगळं माहीत असतं! आपणच एक त्यांना फसवतो!"

"मालिका तुमच्याकडून काढून घेऊ शकतो आम्ही!"

"घ्या! निळा आहे तो, तुमचाच आहे! आवाज देणार नाही!"

त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. "अहो, बाई आज असत्या तर त्यांनाही हे आवडलं असतं!"

तेव्हा मी हसलो, मावशी. मनापासून. तुझी मूळ रेकॉर्डिंग ज्या डब्यात आहेत तो डबा मी त्यांच्यासमोर उचलला आणि खाली यादवजींच्या हातात दिला. त्यात तू निवट्या म्हणून जितकी बोललीयस त्याच्या दुप्पट मला, साहेबांना आणि पारूला शिव्या दिल्यायत. तो डबा आता हंसाच्या घरी आहे, तांदळाच्या पिंपात. मालिका जाईल कदाचित. अठरा वर्षं माझं पोट तिच्यावर चाललं, त्यामुळे भीती वाटत नाही असं म्हणालो तर ते पुन्हा खोटं होईल. रात्री वाटते. सकाळी बाजारात जाऊन येतो, मग कमी होते.

बाजारात जातो याला एक कारण आहे. आता जे सांगणार आहे ते तुझ्यापासून इतका वेळ लपवलं, कारण तू लेख टाकून उठशील.

निवट्याचा नवा आवाज पारू आहे.

थांब. आधी ऐक. हंसा बोलली नसती, तिने सरळ सांगितलं, "मी आईसारखं बोलायला जाईन नि रडेन." मुंबईहून चार जणी आल्या, चौघीही तुझी नक्कल करून दाखवत होत्या. तुझ्यासारखं न बोलण्याचा तीस वर्षांचा रियाज या जगात एकाच बाईचा आहे. तिचा आवाज म्हणजे दगडावर ओढलेला पत्रा, हे तुझंच मत. तुझा ओटा रिकामा आहे. ती रोज सकाळी आधी त्यावर पाणी मारते, मग स्वतःच्या ओट्यावर. मी विचारलं तर म्हणाली, "माश्या बसतात." आणि माझं काम सांगितल्यावर म्हणाली, "मथुरा मेली तरी मनाच कामाला लावते."

गुरुवारी तिच्या आवाजातला पहिला भाग चॅनेलला जाईल. लावला तर ठीक. नाही लावला तर सातपाटीच्या बंदरावर पडदा बांधून दाखवीन, मग बोईसरच्या बाजारात, मग वाणगाव, सफाळे, जिथे कुणी भिंत देईल तिथे. श्रेयनामावलीत 'संवाद' या शब्दाखाली तुझं नाव आहे. माझं त्याखाली, 'वाचून दाखवणारा' म्हणून. तेवढं मला जमायचं.

काल एकचा भोंगा झाला. पारू जिना चढून आली, रिकामी पाटी काखेत. यादवजी आणि मंडळी जिन्यावर बसली, डबे न उघडता. मी दोन पानं लिहिली होती. ती वाचू लागलो, "मुलांनो, आपली मथुरामावशी आता आकाशातली एक चांदणी झाली आहे..."

"आकाशात कुटं?" पारू म्हणाली. "मसनात नेली. मी होते ना. पोरांना सांगायचं तं नीट सांग."

मी कागद खाली ठेवला. इतकी वर्षं झाली आणि मी अजून टोपलीचंच वर्णन करत होतो.

ती माइकसमोर उभी राहिली. कंबरेवर हात, पण डावा. तुझा उजवा असायचा.

"ए पोरांनो, निवट्याचा आवाज बदललाय. आधी बोलायची ती मथुरा. सातपाटीची. ती मेली. परत येनार नाय. मी पारू. मी तिच्यासारखी बोलत नाय, नि बोलनार पन नाय. मदे एकदा तुमाला न सांगता बदलला होता, तेवा तुमी वळखलंत. बराबर वळखलंत. आता सांगून बदलतोय. रडायचं तं रडा, मंग या. चिखलात खेळू."

पुढे तुझी आरोळी होती. मी बोटाने खूण केली. पुन्हा खूण केली.

"ते नाय," ती म्हणाली. "ते तिचं हाय."

"पारूबाई, निवट्या ते दर भागात म्हणतो..."

"मेलेल्या बाईचं गिऱ्हाईक पळवू का मी? जिती असती तं पळवलं असतं."

मग ती वळली, कोपऱ्यातलं तुझं गोणपाट उचललं, बादलीत बुडवलं, आपली पाटी उलटी ठेवली आणि जिवाच्या जोराने थापलं.

थप्!

पुन्हा. थप्! पाणी माझ्या चष्म्यावर उडालं, गाद्यांवर उडालं, जिन्यापर्यंत गेलं. तिसऱ्यांदा थापल्यावर ती तशीच ओणवी राहिली, गोणपाटावर दोन्ही हात ठेवून. मग पदराने नाक पुसलं आणि माझ्याकडे बघितलं, तू बघायचीस तसंच, डोळ्यांत तोच अविश्वास.

"पैलं हाय हे," ती म्हणाली. "टाकायचं नाय. घेतलंस ना?"

मी यंत्राकडे बघितलं. लाल दिवा लागलेला होता, मावशी. मी चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"घेतलं," मी म्हणालो.